पाचगणीचा पियानो

इंग्रजी रॉक संगीताविषयी आपल्याकडे दोन टोकांची मते आढळतात. वडीलधाऱ्यांना तो निव्वळ गोंगाट वाटतो, तर तरुणांना त्यापलीकडे संगीतच दिसत नाही. दिव्याला आमच्या शेजारी काही मुले सुटीच्या दिवशी गिटार घेऊन बसतात. एकदा त्यांच्याकडून 'क्वीन' या बँडचे गाणे ऐकू आले, तेव्हा त्याचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीला शिकला, असे मी सहज म्हणालो. प्रथम कोणाचा विश्वास बसेना. मग एकाने विचारले, "म्हणजे तो आपलाच?" या प्रश्नाला हो म्हणणे सोपे आहे, पाचगणीने त्याला नेमके काय दिले, हे पाहणे मला अधिक अगत्याचे वाटते.

फारुख बलसारा १९४६ साली झांझिबारला एका पारशी कुटुंबात जन्मला. वडील तेथे वसाहतीच्या सरकारी नोकरीत होते. आठ-नऊ वर्षांच्या या मुलाला त्यांनी समुद्रापलीकडे पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत धाडले. तेथे तो पियानो शिकला, 'फ्रेडी' झाला, आणि १९५८च्या सुमारास चार सोबत्यांसह त्याने 'द हेक्टिक्स' हा बँड उभा केला. येथे एक गोष्ट नजरेतून निसटते. या बँडचा मुख्य गायक तो नव्हता. गाणारा दुसराच होता. फ्रेडी मागे पियानोवर साथ करीत असे. पुढे सारे जग ज्याच्या गळ्याने भारले, त्याचे पहिले शिक्षण दुसऱ्याच्या आवाजाखाली सूर भरण्याचे होते.

त्याच्या संगीताची किल्ली मला येथे सापडते. १९६४च्या झांझिबारच्या क्रांतीनंतर कुटुंब इंग्लंडला गेले. फ्रेडीने कलाशाळेची पदविका घेतली. 'आयबेक्स' आणि 'सावर मिल्क सी' या अल्पायुषी बँडांतून तो गायला. १९७० साली ब्रायन मे व रॉजर टेलर यांच्याबरोबर 'क्वीन' जन्मास आला, आणि पुढच्याच वर्षी जॉन डीकन येऊन मिळाला. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' (१९७५) या जवळजवळ सहा मिनिटांच्या गाण्याची कीर्ती सर्वश्रुत आहे. पण माझ्या मते त्याची खरी कसोटी 'समबडी टू लव्ह' (१९७६) हे गाणे होय. अमेरिकेतील कृष्णवर्णीय ख्रिस्ती मंडळींच्या गॉस्पेल गायनावरून ते स्फुरले. त्यात एक थकलेला माणूस परमेश्वरापुढे आपले एकटेपण मांडतो आणि त्याच्या मागे भलामोठा गायकवृंद उभा राहतो. प्रत्यक्षात तेथे तिघेच आहेत! फ्रेडी, मे आणि टेलर यांनी आपलेच आवाज पुन्हा पुन्हा ध्वनिमुद्रित करून एकावर एक रचले. चर्चमध्ये चार स्वरपट्ट्यांत गाणाऱ्या आपल्या गायकवृंदात जो कधी उभा राहिला असेल, त्याला ही रचना परकी वाटू नये. मधला स्वर धरणाऱ्याचा आवाज वेगळा ऐकू येत नाही, पण तो गप्प बसला की सारे गाणे पोकळ होते.

म्हणूनच 'मिस्टर बॅड गाय' (१९८५) हा त्याचा एकट्याचा संग्रह मला फिका वाटतो. गळा तोच आहे, पण अडवणारे, भांडणारे सोबती नाहीत. याउलट मोन्सेरात काबाये या ऑपेरा गायिकेबरोबरच्या 'बार्सिलोना'त (१९८८) शेजारी तोलाचा आवाज येताच त्याची झेप पुन्हा जाणवते. १३ जुलै १९८५ रोजी वेम्बलीच्या 'लाइव्ह एड' कार्यक्रमात तर त्याने हजारोंच्या समुदायालाच आपला गायकवृंद बनवले. तो एक स्वर फेकी आणि मैदान तो झेलून परत देई.

कौतुकाच्या भरात एक डाग झाकू नये. १९८४ साली, संयुक्त राष्ट्रांचा सांस्कृतिक बहिष्कार असताना, क्वीनने वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेच्या छायेतील सन सिटीत कार्यक्रम केले. आम्ही राजकारणात नाही, हे बँडचे उत्तर मला पटत नाही. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जन्मलेल्या आशियाई माणसाला तरी त्या रंगभेदाचा अर्थ ठाऊक असायला हवा होता.

आपल्या मुळांविषयी तो जाहीरपणे फारसा बोलला नाही. एड्सविषयीही त्याने मौनच राखले; तशी जाहीर कबुली आली २३ नोव्हेंबर १९९१ रोजी, आणि दुसऱ्याच दिवशी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, तो गेला. अंत्यविधी मात्र पारशी धर्मगुरूंनी केला. तेव्हा 'आपला' म्हणून त्याच्यावर हक्क सांगण्याचा उत्साह मला नाही. माणूस स्वतः ज्या घराचे नाव घेत नाही, त्या घराने दारावर त्याची पाटी लावावी, हे शोभत नाही. पाचगणीच्या पियानोचा वाटा मात्र नाकारता येत नाही, कारण तो त्याच्या बोलण्यात नसला तरी गाण्यांत ऐकू येतो.

शेजारच्या मुलांना मी हे सारे सांगत बसलो नाही. त्यांच्यात एकच जण गात होता आणि बाकीचे नुसतेच वाजवत होते. उरलेल्या दोघांनी खालचे सूर धरावेत, एवढेच सुचवले. पहिले दोन रविवार फार बेसूर गेले.