दमलेला खेळाडू पुन्हा ‘खेळायला’ का बसतो?

सराव संपला, अंघोळ-जेवण झालं, पाय दुखताहेत, आणि तरी पोरगं मोबाइल घेऊन पुन्हा खेळायला बसतं. तुमच्या घरात कुणी मैदानावर खेळणारं असेल तर हे दृश्य तुमच्या ओळखीचं असणार. यावर ठरलेलं उत्तर म्हणजे ‘खेळाडूंना जिंकायची खोडच असते’. मला ते अपुरं वाटतं. २०२३ मध्ये महेंद्रसिंह धोनी विमानात कँडी क्रश खेळतानाचा व्हिडिओ सगळीकडे फिरला. तिथे समोर प्रतिस्पर्धी कोण होता?

संशोधनातलं वजनदार उत्तर २००६ सालचं आहे. रिचर्ड रायन, स्कॉट रिग्बी आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की यांनी एडवर्ड डेसी आणि रायन यांचा स्वयंनिर्णयाचा सिद्धांत व्हिडिओ गेमला लावून पाहिला. सिद्धांत थोडक्यात असा : माणसाला तीन गोष्टी हव्या असतात. आपलं आपण ठरवता येणं, एखादी गोष्ट आपल्याला जमतेय असं वाटणं, आणि इतरांशी जोडलेलं असणं. ज्या गेममध्ये या जास्त मिळतात तो जास्त आवडतो, असं त्यांना दिसलं. हाच सिद्धांत क्रीडा-मानसशास्त्रातही सर्रास वापरतात. म्हणजे मैदान काय आणि पडदा काय, भूक एकच, ताटं दोन.

ऐकायला छान आहे. पण इथेच माझी तक्रार सुरू होते.

पहिली तक्रार छोटी. चारपैकी तीन अभ्यासांत विद्यार्थ्यांना बसवून सुपर मारिओ ६४ सारखे एकट्याने खेळायचे गेम दिले होते. ‘जोडलेलं असणं’ खऱ्या अर्थाने तपासलं गेलं ते चौथ्या, ऑनलाइन खेळणाऱ्यांच्या पाहणीत. तेव्हा संघात खेळणाऱ्या माणसाबद्दल या निबंधातून फार काही काढू नये.

दुसरी मोठी. एवढा रुंद सिद्धांत बागकामालाही लागू पडतो आणि भजनी मंडळालाही. भूक एकच असेल तर दोन तास मैदानावर जेवून आलेल्याला लगेच दुसरं ताट कशाला लागतं? मला वाटतं, उत्तर ‘जमतंय’ या शब्दात लपलंय. खेळ संपल्यावर प्रश्नावली दिली की ‘जमलं’ एवढंच कळतं. जमेपर्यंत किती वेळा चुकायची मुभा होती, ते कळत नाही.

बघा ना. क्रिकेटमध्ये सलामीचा फलंदाज पहिल्या चेंडूवर बाद झाला तर दिवसभर पॅड सोडून बसतो. ज्या चेंडूवर चुकला तो चेंडू त्याला परत मिळत नाही. गेममध्ये मेलात की काही सेकंदांत त्याच जागी, तीच चाल पुन्हा. (आपली कबड्डी यात मधली वाट काढते. बाद झालेला गडी जिवंत होतो, पण समोरचा कुणी बाद होईपर्यंत त्याला बाहेर बसावंच लागतं.) म्हणजे माझ्या मते खेळाडूला पडद्यावर मैदानाची नक्कल नको असते, मैदान जे देत नाही ते, स्वस्तातली चूक, हवी असते.

‘मग मॅक्स वेर्स्टाप्पेनचं काय?’ असं तुम्ही विचाराल, आणि प्रश्न रास्त आहे. फॉर्म्युला वनचा हा विजेता मोकळ्या वेळात चक्क शर्यतींचाच गेम खेळतो. मे २०२४ मध्ये इमोलाची खरी शर्यत त्याने जिंकली आणि त्याच शनिवार-रविवारी न्यूरबुर्गरिंगच्या २४ तासांच्या आभासी शर्यतीत त्याचा संघही जिंकला. यापेक्षा हुबेहूब नक्कल कुठली? पण त्या वर्षी हंगामापूर्वीच्या चाचण्या होत्या फक्त तीन दिवस. खरी गाडी भिंतीवर घातली तर दुरुस्तीला रात्र जाते, जीवावर बेतू शकतं ते वेगळंच. पडद्यावर बटण दाबलं की गाडी नवी. तेव्हा हे उदाहरण मला उलट माझ्याच बाजूचं वाटतं.

हा नुसता पुस्तकी वाद नाही. ‘शिस्त’ म्हणून मोबाइल काढून घेणारे प्रशिक्षक आणि पालक खूप आहेत. झोप मोडत असेल तर त्यांचं बरोबरच आहे. पण प्रझिबिल्स्की आणि सहकाऱ्यांनीच २००९ मध्ये दाखवलं होतं, की ज्यांच्या रोजच्या आयुष्यात या तीन गरजा कमी भागतात, त्यांच्यात गेम सुटता सुटत नाही अशा खेळण्याचं प्रमाण जास्त दिसतं. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. तरी मोबाइल काढून घेण्याआधी त्या मुलाला सरावात चुकायला किती जागा मिळते, हे बघायला काय हरकत आहे? दर चुकीला ओरडा आणि मैदानाला एक फेरी, असा हिशेब असेल तर रात्री ते कुठे जाणार?

माझा अंदाज तपासायचा तर त्याच खेळाडूंना शतकाच्या दिवशी आणि शून्याच्या दिवशी, दोन्ही रात्री गाठायला हवं. आणि प्रश्नावली खेळ संपल्यावर न देता प्रत्येक वेळी ‘मेल्यावर’ द्यायला हवी. आता ऐन रंगात आलेल्याला मध्येच थांबवून ‘एक ते सातपैकी किती?’ असं विचारलं तर तो काय उत्तर देईल, ते तुम्हीच ओळखा.