भिंतीवरील उद्यान

'शोभेचे काम' हा शब्दप्रयोग चित्रकलेच्या चर्चेत आपल्याकडे बहुधा तुच्छतेनेच केला जातो. चौकटीत बसविलेले ते खरे चित्र आणि भिंत सजविणारे ते कारागिराचे काम, अशी वाटणी आपण नकळत करून बसलो आहोत. फ्रेंच चित्रकार एदुआर व्युयार (1868–1940) याने 1894 साली रंगविलेली 'सार्वजनिक उद्याने' ही चित्रमाला या वाटणीत कोठेच बसत नाही. तिचा येथे थोडा विस्ताराने विचार करावा असे आम्हांस वाटते.

व्युयार ज्या तरुण चित्रकारांच्या मंडळातला, त्या मंडळाने स्वतःस 'नबी' हे नाव घेतले होते. शब्द आपल्या कानांस परका नाही, अर्थ प्रेषित. भिंत रंगविण्यास मिळावी ही या मंडळाची मोठी हौस. ती हौस पुरविली अलेक्सांद्र नातांसाँ या पॅरिसच्या धनिकाने. 'ला रव्ह्यू ब्लांश' या नामांकित नियतकालिकाच्या चालकांपैकी तो एक. आपल्या घरासाठी त्याने व्युयारकडून नऊ चित्रे करून घेतली. 1895 च्या फेब्रुवारीत पाहुण्यांस बोलावून ती दाखविण्यात आली. त्या रात्री मद्य देण्याचे काम चित्रकार तुलूझ-लोत्रेकने हौसेने अंगावर घेतले होते. पाहुण्यांना चित्रे कितपत दिसली असतील याची आम्हांस शंकाच आहे!

चित्रांत घटना अशी काहीच नाही. पॅरिसमधील बागा, बाकांवर व खुर्च्यांवर बसलेल्या स्त्रिया, मुलांना सांभाळणाऱ्या दाया, खेळणाऱ्या मुली, दोन शाळकरी मुलगे. चेहरे जवळजवळ नाहीतच. उंची सुमारे 214 सेंटिमीटर, म्हणजे पुरुषभराहून अधिक. पण माणसे खालच्या भागात, आणि वर पानांचा दाट विस्तार. मध्ये पसरलेली असते ती नुसती जमीन: फिकट, वाळूच्या रंगाची, सावल्यांच्या ठिपक्यांनी भरलेली. या मोकळ्या जमिनीस एवढी जागा देण्याचे धैर्य पंचविशीतल्या चित्रकारास कोठून आले? जपानी छापचित्रांचा परिणाम त्यात आहे. क्ल्युनी संग्रहालयातील जुने विणलेले भिंतपडदे त्याने त्याच वर्षी मन लावून पाहिले होते, त्याचाही आहे. शिवाय त्याची आई शिवणकाम करून घर चालवी. छापील व नक्षीदार कापडांच्या तुकड्यांत त्याचे बालपण गेले. पाने, सावल्या, झगे ही सारी एकाच वाणाची वाटतात ती त्यामुळे. उद्यानात बसलेली स्त्री आणि उद्यान यांच्यात शिवण दिसत नाही.

साधनाकडेही लक्ष द्यावयास हवे. हे तैलरंग नव्हेत. रंगाची पूड गरम सरसात कालवून हा रंग करतात. नाटकाचे पडदे ज्याने रंगवीत तोच. व्युयारने ल्युन्ये-पोच्या रंगभूमीसाठी पडदे रंगविले होते व तेथेच हात बसविला होता. हा रंग लवकर वाळतो आणि वाळल्यावर पुष्कळ फिका होतो. म्हणजे ओल्या रंगाकडे पाहून उद्याचा रंग ओळखावा लागतो. त्यास चकाकी नसते. उजेड चित्रावरून परतत नाही, आत मुरतो. दुपारच्या बागेतील तो किंचित धुरकट, जडावलेला प्रकाश तैलरंगात साधला असता असे आम्हांस वाटत नाही.

एक उणीव मात्र सांगितलीच पाहिजे. ही उद्याने नावाने सार्वजनिक आहेत, परंतु त्यांतील जनता निवडक आहे. जमीन झाडणारा, पाणी घालणारा, काम सुटल्यावर टेकावयास आलेला मजूर कोठे दिसत नाही. दाया दिसतात त्या मुलांमुळे. ज्या घरासाठी चित्रे काढली त्या घराची नजरही त्यांत उतरली, असेच म्हणावे लागेल.

पुढे या नजरेचे जे झाले ते मोठे विलक्षण आहे. 1929 साली चित्रे विकली गेली आणि माला तुटली. आज पाच चित्रे पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात, एक ब्रुसेल्सला, एक क्लीव्हलंडला, एक ह्यूस्टनला आहे. एका धनिकाच्या भिंतींवरील उद्याने खरोखरी सार्वजनिक झाली, हे चांगलेच झाले. परंतु एका जुन्या सभामंडपाचे कोरीव खांब वेगवेगळ्या नगरांत नेऊन उभे करावेत, तसेही हे झाले. प्रत्येक खांब सुंदर, मंडप नाही. शोभेचे काम म्हणजे जागेशी बांधलेले काम, आणि ती जागाच गेली. चित्रे निर्दोष जतन झाली तरी हे नुकसान भरून येत नाही.

ते किती, हे ओर्सेमध्येच कळते. 'दाया', 'संभाषण' आणि 'लाल छत्री' ही तीन चित्रे तेथे जवळजवळ लावलेली पाहिली की मधल्या चौकटी विसरून जमीन एका चित्रातून दुसऱ्यात वाहत जाते, झाडांची रांग तुटत नाही आणि डोळा चालत चालत त्या लाल छत्रीपाशी येऊन थांबतो. क्लीव्हलंडमधील झाडांखाली बसलेल्या स्त्रियांपाशी मात्र असे चालत जाता येत नाही. मध्ये अटलांटिक महासागर आहे.