रिकामें सिंहासन: गोंडोरच्या कल्पित इतिहासाचें परीक्षण

कल्पित कथा रचणें हें कवीचें काम आणि घडलेल्या गोष्टींचा शोध घेणें हें इतिहासकाराचें काम, अशी वांटणी आपण फार दिवसांपासून मान्य केली आहे. तथापि वाङ्मयांत असे कांहीं ग्रंथ आढळतात कीं, त्यांना ह्या दोहोंपैकीं कोणत्याहि कोठ्यांत टाकतां येत नाहीं. त्यांतील राज्य पृथ्वीच्या पाठीवर कधींच नव्हतें. परंतु त्याचे राजे अनुक्रमानें दिलेले असतात, लढायांचीं वर्षें सांगितलेलीं असतात, वारसाहक्काच्या तंट्यांत दोन्ही पक्षांचें म्हणणें नोंदलेलें असतें. अशा लिखाणाची किंमत कशावर ठरवावयाची? तें खोटें आहे असें म्हणून टीकाकाराची सुटका होत नाहीं, कारण ही गोष्ट लेखकानें आधींच गृहीत धरलेली असते. तें खरें वाटतें एवढें म्हणूनहि भागत नाहीं. कारण तें खरें कां वाटतें, आणि तसें वाटणें इष्ट आहे काय, हे दोन प्रश्न शिल्लक राहतातच. प्रस्तुत लेखांत हे दोन्ही प्रश्न आम्ही एका प्रसिद्ध उदाहरणास लावून पाहणार आहों.

तें उदाहरण म्हणजे टॉल्किन (१८९२–१९७३) ह्या इंग्रज ग्रंथकारानें निर्माण केलेलें गोंडोरचें राज्य. ‘दि लॉर्ड ऑफ दि रिंग्ज’ ही त्याची विस्तीर्ण कथा १९५४ व १९५५ सालीं तीन खंडांत प्रसिद्ध झाली. तिसऱ्या खंडाच्या शेवटीं परिशिष्टें जोडलेलीं आहेत. पैकीं पहिल्यांत राजवंशांची हकीकत व दुसऱ्यांत कालानुक्रम आहे. बहुतेक वाचक कथा संपतांच पुस्तक मिटतात. आम्हांस मात्र असें वाटतें कीं, ग्रंथकाराची विशेष शक्ति ह्या न वाचल्या जाणाऱ्या पानांतच दिसून येते. लेखक व्यवसायानें भाषाशास्त्रज्ञ होता. १९२५ पासून तो ऑक्सफर्ड येथें अँग्लो-सॅक्सनचा प्राध्यापक होता, आणि १९४५ पासून १९५९ पर्यंत तेथेंच त्यानें इंग्रजी भाषा व वाङ्मय ह्यांचें अध्यापन केलें. त्यानें आधीं भाषा रचल्या आणि त्या बोलणारे लोक मागाहून निर्माण केले. म्हणून त्याच्या इतिहासांतील नांवें वाटेल तशीं जुळविलेलीं नाहींत. नांव पालटलें कीं तेथें भाषा पालटली, आणि भाषा पालटली कीं सत्ता पालटली, असें समजावें.

कथेचा सांगाडा थोडक्यांत असा: न्यूमेनॉर नांवाच्या बेटावर दीर्घायुषी मनुष्यांचें राज्य होतें. वैभव वाढत गेलें तसतसें त्यांस मृत्यूचें भय वाटूं लागलें. अखेरच्या राजानें अमरांच्या भूमीवर आरमार नेलें आणि द्वितीय युगाच्या ३३१९ व्या वर्षीं सबंध बेट समुद्रानें गिळलें. एलेन्डिल व त्याचे दोन पुत्र बचावले. त्यांनीं पुढील वर्षीं उत्तरेस आर्नोर व दक्षिणेस गोंडोर अशीं दोन राज्यें स्थापन केलीं. उत्तरेचें राज्य पुढें फुटून लयास गेलें. दक्षिणेचें मात्र तृतीय युगाचीं तीन हजार वर्षें टिकलें. १०५० व्या वर्षीं ह्यार्मेन्दाकिल राजानें दक्षिणेकडील हाराद देश जिंकला तेव्हां गोंडोरच्या वैभवाचा कळस झाला. त्यापुढें आहे ती उतरती कळा. मध्यें मध्यें तेजाची झांक दिसते. पण उतरण थांबत नाहीं.

ह्या उतरणीची कारणपरंपरा कशी जुळविली आहे तें पाहण्यासारखें आहे. व्हालाकार हा राजपुत्र उत्तरेकडील एका मित्रराजाच्या दरबारीं वकील म्हणून गेला, आणि त्यानें त्या राजाच्या विदुमावी नांवाच्या कन्येशीं लग्न केलें. त्यांचा पुत्र एल्डाकार १४३२ व्या वर्षीं गादीवर येतांच सरदारांनीं बंड केलें; परक्या रक्ताचा राजा आम्हांस नको, हें त्यांचें म्हणणें. राजधानी ओस्गिलिआथ हिला वेढा पडला व ती जळाली. दर्यासारंग कास्तामिर सिंहासन बळकावून बसला आणि त्यानें एल्डाकारच्या थोरल्या मुलास ठार केलें. दहा वर्षांनीं एल्डाकार मातुल देशाची मदत घेऊन परत आला व त्यानें कास्तामिरास मारलें. कादंबरी येथें संपली असती. इतिहास संपत नाहीं. कास्तामिरचे मुलगे राज्याचें आरमार घेऊन उंबार बंदरीं पळाले, आणि ज्या गलबतांनीं गोंडोरचा किनारा राखावयाचा त्याच गलबतांतून पुढें गोंडोरच्या किनाऱ्यावर धाडी येऊं लागल्या. १६३४ सालीं ह्याच चांच्यांनीं एक राजा मारला. दोनच वर्षांनीं महामारी येऊन त्याचा वारस आपल्या सर्व मुलांसह मरण पावला. लोकसंख्या इतकी घटली कीं, शत्रूच्या सरहद्दीवरील नाकीं ओस पडलीं. एका लग्नास विरोध करणाऱ्या कुलाभिमानाचा हिशेब असा दोनशें वर्षांनीं पुरा होतो. लेखक कोठेंहि तात्पर्य सांगत नाहीं. तो केवळ वर्षें मांडतो, आणि तात्पर्य वाचकास काढावें लागतें.

दुसरा प्रसंग वारसाहक्काचा. १९४४ व्या वर्षीं गोंडोरचा राजा आपल्या दोन्ही मुलांसह रणांत पडला. उत्तरेच्या गादीचा वारस आर्वेदुई ह्यानें हक्क सांगितला. आपण एलेन्डिलच्या ज्येष्ठ पुत्राचे वंशज आहों, शिवाय आपली पत्नी फिरिएल ही मृत राजाची कन्या आहे, हे त्याचे दोन आधार. गोंडोरच्या मंत्रिमंडळानें उत्तर दिलें कीं, आमची गादी धाकट्या पुत्राच्या वंशाकडे चालत आली आहे, आणि ती पुरुषवारसाकडेच जाते. आर्वेदुईनें उलट लिहिलें कीं, न्यूमेनॉरच्या जुन्या कायद्याप्रमाणें ज्येष्ठ अपत्य, मग तें कन्या असो वा पुत्र, हेंच वारस होय. ह्या पत्रास गोंडोरकडून उत्तर गेलें नाहीं. एका विजयी सेनापतीस राजा करण्यांत आलें. ज्यानें कोणत्याहि देशाचे राजकीय कागद चाळले आहेत त्यास हें मौन ओळखीचें वाटेल. प्रबळ मुद्द्यास उत्तर नसलें म्हणजे दरबारें असेंच वागतात.

आमच्या मतें ग्रंथकाराची सर्वांत मोठी निर्मिति येथून पुढें आहे. त्या सेनापतीचा मुलगा एआर्नुर हा २०५० व्या वर्षीं शत्रूचें द्वंद्वयुद्धाचें आव्हान स्वीकारून गेला तो परत आलाच नाहीं. तो मेल्याची खात्री नाहीं, त्यास मूल नाहीं, आणि दुसरा राजा निवडावा तर पुन्हां यादवीची धास्ती. तेव्हां प्रधान मार्दिल ह्यानें राजा परत येईपर्यंत त्याच्या नांवानें कारभार पाहण्याचें ठरविलें. हा तात्पुरता बंदोबस्त ९६९ वर्षें टिकला! ह्या मुदतींत सव्वीस प्रधान झाले. त्यांनीं मुकुट धारण केला नाहीं. त्यांचें निशाण पांढरें व चिन्हरहित असे. दरबारांत उंच सिंहासन रिकामें ठेवून ते त्याच्या पायथ्याशीं काळ्या दगडाच्या साध्या आसनावर बसत. प्रधानाचा राजा होण्यास किती वर्षें लागतात, असें शेवटल्या प्रधानाचा थोरला मुलगा लहानपणीं विचारतो. इतर हलक्या राज्यांत थोडीं वर्षें पुरतील, पण गोंडोरांत दहा हजारहि पुरणार नाहींत, अशा आशयाचें उत्तर त्याला बापाकडून मिळतें.

फ्रँक लोकांचा मुख्य प्रधान पेपिन ह्यानें ७५१ सालीं राजास मठांत पाठवून मुकुट स्वतःच्या डोक्यावर ठेवला, हें युरोपच्या इतिहासाचें वाचक जाणतात. मराठी वाचकास दुसरें उदाहरण शोधावयास दूर जावें लागत नाहीं. १७४९ सालीं शाहूमहाराज निवर्तल्यावर राज्याची सूत्रें पुण्याकडे गेलीं. परंतु पेशवाईचीं वस्त्रें साताऱ्याहूनच यावीं लागत. ज्या सत्तेपुढें दिल्ली नमली ती सत्ता साताऱ्याच्या शिक्क्यावांचून अपुरी होती. ह्या मर्यादेस कोणी निष्ठा म्हणतील, कोणी सोय म्हणतील. बहुधा ती दोन्ही होती. टॉल्किनला हें मर्म नेमकें सांपडलें आहे. त्याच्या प्रधानांची निष्ठा खरी आहे, पण जुनी होतां होतां ती अहंकाराचें रूप घेते. रिकाम्या सिंहासनाचें रक्षण करणारा मनुष्य हळूहळू तें रिकामेंच राहावें अशी इच्छा करूं लागतो. खरा राजा दाराशीं आला तेव्हां शेवटला प्रधान डेनेथॉर त्याचें स्वागत करीत नाहीं. तो स्वतःची चिता रचतो. हा वेडाचा झटका नव्हे. नऊ शतकांच्या बंदोबस्ताचें तें फळ आहे, आणि परिशिष्टें वाचल्यावांचून त्याचा अर्थ पुरा कळत नाहीं.

आतां पहिल्या प्रश्नाकडे वळूं. हा इतिहास खरा कां वाटतो? केवळ तपशीलामुळें नव्हे. तपशील आमच्या जुन्या अद्भुत कादंबऱ्यांतहि रगड असे. आमच्या मतें कारणें दोन. पहिलें असें कीं, ग्रंथकार स्वतःस कर्ता म्हणवीत नाहीं; तो जुन्या पोथ्यांचा भाषांतरकार होतो. मूळ पोथी हरवली, तिची नक्कल गोंडोरांत झाली, त्या नकलेवर दुरुस्त्या पडल्या, अशी पोथीचीहि परंपरा तो देतो. दुसरें व अधिक महत्त्वाचें कारण असें कीं, त्याला वगळतां येतें. कित्येक राजांच्या वांट्यास नांव व मृत्यूचें वर्ष एवढेंच येतें. ते कसे होते हें कळत नाहीं, कारण सांगणारा कोणी उरला नाहीं असा भास होतो. खऱ्या इतिहासांतहि बहुतेक माणसें अशींच असतात. कल्पनेनें सर्व जागा भरून काढणारा लेखक आपली बनावट उघडी पाडतो. जागा रिकाम्या ठेवणारा तिला भूतकाळाची खोली देतो.

दुसरा प्रश्न अधिक कठीण. हा इतिहास खरा वाटणें इष्ट आहे काय? त्याजवर मुख्य आक्षेप रक्ताचा आहे. गोंडोरचा ऱ्हास म्हणजे थोर रक्त पातळ होणें, आणि उद्धार म्हणजे शुद्ध वंशाचा राजा परत येणें, असा ग्रंथाचा साधारण समज दिसतो. ग्रंथकाराच्या बाजूनें एवढें सांगितलें पाहिजे कीं, यादवीच्या प्रकरणांत त्यानें कुलाभिमानी पक्षाचीच राखरांगोळी दाखविली आहे, आणि भीति होती त्याप्रमाणें रक्तमिश्रणानें ऱ्हासाचा वेग प्रथम वाढला नाहीं असें स्पष्ट नोंदविलें आहे. एका पात्राच्या मुखानें त्यानें ऱ्हासाचें दुसरें निदानहि सांगितलें आहे: राजे जिवंतांच्या घरांपेक्षां मेलेल्यांचीं थडगीं सुंदर बांधूं लागले, आणि मुलांच्या नांवांपेक्षां पूर्वजांचीं नांवें त्यांस प्रिय झालीं. हें निदान मार्मिक आहे; केवळ पूर्ववैभवावर जगूं पाहणाऱ्या प्रत्येक समाजानें तें ऐकावें. तरी कथेचा शेवट वंशावळीनेंच होतो, ही गोष्ट लपत नाहीं.

दुसरा आक्षेप आम्हांस अधिक जाणवतो. गोंडोरच्या इतिहासांत हारादच्या लोकांचा पराभव आहे, खंडणी आहे, गोंडोरच्या दरबारीं ओलीस राहिलेले त्यांचे राजपुत्र आहेत. त्यांची बखर मात्र नाहीं. त्यांचे राजे कोण, त्यांच्या विधवांनीं काय सोसलें, हें गोंडोरचा कारकून लिहीत नाहीं. आमचा इतिहास १८२६ सालीं ग्रँट डफनें लिहिला. त्याला घरच्या कागदपत्रांनीं उत्तर देण्यासाठीं राजवाड्यांसारख्या माणसास १८९८ पासून गांवोगांवचीं दप्तरें धुंडाळून साधनांचे खंड छापावे लागले. अशा वाचकास ही उणीव दिसल्यावांचून राहणार नाहीं. मूळ कथेंत एके ठिकाणीं सॅम नांवाचा साधा माळी हारादच्या एका मृत शिपायाकडे पाहतो. ह्याचें नांव काय असेल, हा खरोखर दुष्ट होता कीं कोणाच्या थापांनीं घरापासून इतका दूर आला, असें त्याच्या मनांत येतें. माळ्याला जो प्रश्न सुचला तो इतिहासकारास तीन हजार वर्षांत सुचला नाहीं! ग्रंथकारास दोन्ही लिहितां आलीं, हा त्याचा मोठेपणा. पहिल्याचा उजेड त्यानें दुसऱ्यावर पडूं दिला नाहीं, ही त्याची मर्यादा.

राजा परत आल्यानंतर सुमारें एक शतकानें गोंडोरांत काय झालें, हें सांगणारी एक कथा टॉल्किननें पुढें लिहावयास घेतली होती. लोक सुखी आहेत, म्हणून कंटाळले आहेत. मुलें राक्षसांचे खेळ खेळतात. गुप्त कट शिजत आहेत. थोडीं पानें लिहून त्यानें ती सोडून दिली. तो अपुरा भाग त्याच्या मृत्यूनंतर १९९६ सालीं छापला गेला. कित्येकांस हा लेखणीचा थकवा वाटेल. आम्हांस ती त्याच्या इतिहासदृष्टीची साक्ष वाटते. सिंहासन भरलें म्हणजे इतिहास संपत नाहीं, हें त्यास पक्कें ठाऊक होतें. परंतु तें लिहिल्यास आपल्या कथेचा मंगल शेवट टिकणार नाहीं, हेंहि ठाऊक होतें. कवि आणि इतिहासकार ह्यांची वाट येथें वेगळी झाली, आणि त्यानें कवीची वाट धरली.

म्हणून आमचा अभिप्राय असा कीं, हीं परिशिष्टें जिज्ञासूनें अवश्य वाचावीं, आणि राज्यारोहणाच्या सोहळ्यापेक्षां त्यापूर्वींच्या नऊ शतकांवर अधिक लक्ष ठेवावें. हरवलेला राजा परत येण्याची गोष्ट कोणत्याहि देशांत गोड लागते. तो येत नसतां राज्य कसें राखावें, आणि राखतां राखतां आपणच त्याचे वैरी कसे न व्हावें, हें शिकविणारीं पुस्तकें थोडीं. त्या थोड्यांत ह्या कल्पित बखरीची गणना करावयास आम्हांस संकोच वाटत नाहीं.