‘अपॉलॉजी’तील शहाणपण आणि सत्य

सॉक्रेटिस म्हटला की वाचकाच्या डोळ्यांसमोर प्रथम उभा राहतो तो विषाचा प्याला. झाक-लुई दाविद या फ्रेंच चित्रकाराने १७८७ मध्ये रंगवलेल्या चित्राने तर ही प्रतिमा कायमची ठसवून टाकली आहे. ‘सत्यासाठी विष प्यालेला तत्त्वज्ञ’ हे वर्णन पाठ्यपुस्तकांतून आणि व्याख्यानांतून इतक्या वेळा येऊन गेले आहे, की त्याची शहानिशा करण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. परंतु खटल्याचे वृत्त सांगणाऱ्या प्लेटोच्या ‘अपॉलॉजी’त तो प्याला कोठेही नाही, तो ‘फीडो’ या संवादाच्या अखेरीस येतो. ‘अपॉलॉजी’त आहे ते केवळ बोलणे: आरोपांना दिलेले उत्तर, शिक्षेसंबंधीचा प्रस्ताव आणि मृत्युदंड ठरल्यानंतरचे निरोपाचे शब्द. शीर्षकाच्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थही क्षमायाचना नव्हे, तर न्यायालयातील बचाव असा आहे. हा बचाव लक्षपूर्वक वाचला असता असे दिसते, की सत्य आणि शहाणपण यांना तेथे दोन वेगळी स्थाने आहेत. सत्य हे बोलणाराचे कर्तव्य आहे. शहाणपण ही मुख्यतः देवाची गोष्ट आहे. सॉक्रेटिस उभा आहे तो या दोहोंच्या मधल्या, काहीशा अडचणीच्या जागेत. ती जागा पुसून टाकली, की त्याचा हुतात्मा करणे सोपे जाते आणि खटल्यातला खरा पेच मात्र हातून निसटतो.

खटला इ. स. पू. ३९९ मधला. आरोपीचे वय सत्तर. फिर्यादी तिघे: मेलिटस, अ‍ॅनिटस आणि लायकॉन. नगराने मानलेल्या देवांना न मानणे, नवी दैवते आणणे आणि तरुणांना बिघडवणे, असे आरोपाचे स्वरूप. समकालीनांच्या लेखनातून या खटल्याची दोन वृत्ते आज उपलब्ध आहेत. प्लेटो स्वतः न्यायालयात हजर होता आणि ‘अपॉलॉजी’त त्याने ही गोष्ट सॉक्रेटिसच्या तोंडून दोनदा नोंदवून घेतली आहे. झेनोफन त्या वेळी आशियात होता. त्याचे वृत्त ऐकीव आहे. दोन्ही लेखक सॉक्रेटिसचे चाहते, तरी डेल्फीच्या देववाणीविषयी त्यांचे एकमत नाही, आणि हा मतभेद किरकोळ समजता येत नाही. झेनोफनच्या मते देववाणीने सॉक्रेटिसला स्वातंत्र्य, न्याय आणि संयम या गुणांत अद्वितीय ठरवले. हे एक प्रशस्तिपत्र झाले. ते न्यायालयात वाचून दाखवले की काम संपते. प्लेटोच्या वृत्तात देववाणी केवळ एवढेच सांगते, की त्याच्याहून अधिक शहाणा कोणी नाही. हे नकारार्थी विधान आहे. त्याचा अर्थ लावावा लागतो, आणि तो लावण्यातच सॉक्रेटिसचे आयुष्य खर्ची पडते.

येथे ‘शहाणपण’ हा शब्द जाणीवपूर्वक वापरला आहे. मूळ ग्रीक ‘सोफिया’साठी भारतीय भाषांत ‘ज्ञान’ किंवा ‘प्रज्ञा’ हे शब्द सहज सुचतात. पण ‘ज्ञान’ म्हणताच आपल्या परंपरेतील आत्मज्ञानाचा सगळा संभार सोबत येतो आणि सॉक्रेटिस एखाद्या उपनिषदातील ऋषीसारखा दिसू लागतो. ग्रीकांच्या बोलण्यात ‘सोफिया’ हा शब्द सुताराच्या हातोटीलाही लागत असे आणि कवीच्या कौशल्यालाही. मराठीतल्या ‘शहाणपणा’ला ही व्यवहाराची माती चिकटलेली आहे. शिवाय त्या शब्दाला आणखी एक धार आहे, जी ‘प्रज्ञे’ला मुळीच नाही. घरात एखाद्याला ‘मोठा शहाणा लागून गेलास’ असे म्हटले, तर ती स्तुती नसते. आणि ‘दीडशहाणा’ ही तर उघड शिवीच. भाषणाच्या आरंभी सॉक्रेटिस ज्या जुन्या निंदेचा उल्लेख करतो, ती नेमकी याच जातीची आहे. आकाशातल्या आणि जमिनीखालच्या गोष्टींचा शोध घेणारा, लंगड्या बाजूला सबळ करून दाखवणारा कोणी एक ‘शहाणा’ अथेन्समध्ये आहे, असे लोक वर्षानुवर्षे बोलत आले होते. म्हणजे ‘शहाणा’ ही पदवी देवाने देण्यापूर्वीच नगराने त्याला दिलेली होती. एकाच शब्दात देवाचा गौरव आणि शेजाऱ्यांचा उपहास एकत्र यावा, हा ‘अपॉलॉजी’च्या रचनेतील मर्माचा भाग आहे, आणि मराठी वाचकाला तो कोणत्याही टीपेविना कळण्यासारखा आहे.

कायरेफॉन या मित्राने आणलेली देववाणी ऐकून सॉक्रेटिस चक्रावतो. आपण शहाणे नाही, हे त्याला ठाऊक आहे. देव खोटे बोलणार नाही, अशी त्याची श्रद्धाही आहे. तेव्हा तो आपल्याहून शहाणा माणूस शोधण्यास निघतो. प्रथम राज्यकर्ते, मग कवी, मग कारागीर. या शोधातून निघालेला निष्कर्ष पुढे एका सुटसुटीत वचनात गोठवला गेला: मला काहीच कळत नाही, एवढेच मला कळते. ‘अपॉलॉजी’तील सॉक्रेटिस असे म्हणत नाही. आपल्याला जे ठाऊक नाही ते ठाऊक आहे असे आपण समजत नाही, एवढाच त्याचा दावा आहे. कारागिरांना अनेक चांगल्या गोष्टी खरोखरच कळत होत्या, हे तो मोकळेपणाने मान्य करतो. इतकेच नव्हे, तर अन्याय करणे आणि आपल्याहून श्रेष्ठ असलेल्याची, मग तो देव असो वा माणूस, अवज्ञा करणे वाईट आहे, हे आपल्याला ठाऊक आहे, असेही तो ठामपणे सांगतो. तेव्हा त्याला संशयवादी ठरवणे चुकीचे आहे. मृत्यूविषयी अज्ञान आणि अन्यायाविषयी खात्री या दोन गोष्टी त्याच्या ठिकाणी एकत्र नांदतात, आणि म्हणूनच तो मृत्यूला भिऊन अन्याय पत्करीत नाही. बचावाचा कणा हा आहे.

साहित्याच्या अभ्यासकाला मात्र या शोधयात्रेतील कवींचा मुक्काम सर्वाधिक अस्वस्थ करणारा वाटावा. सॉक्रेटिस कवींकडे त्यांच्याच उत्तम रचना घेऊन जातो आणि त्यांचा अर्थ विचारतो. त्याला असे आढळते, की तेथे उभी असलेली जवळजवळ सगळीच माणसे त्या कवितांविषयी कवींपेक्षा बरे बोलू शकली असती. यावरून तो ठरवतो, की कवी लिहितात ते शहाणपणाने नव्हे, तर द्रष्ट्यांप्रमाणे कसल्या तरी संचाराने. समीक्षकांनी या विधानाने सुखावून जाण्याचे कारण नाही. कवींना लावलेली कसोटी समीक्षकांना लावली असती, तर निकाल अधिक कठोर लागला असता. प्रश्न निराळाच आहे. कवितेचा अर्थ कवीला गद्यात सांगता आला नाही म्हणजे तो त्याला ठाऊक नव्हता, हे गृहीतक सॉक्रेटिस कोठेही तपासत नाही. सुताराला खाट करता येते, एवढ्यावर त्याला जाणकार मानले जाते. कवीला मात्र कविता करता येते, एवढे पुरत नाही. त्याच्याकडून शिवाय स्पष्टीकरण मागितले जाते. येथे तपासणी करणाराची पद्धतच तोकडी पडली आहे, असे म्हणणे भाग आहे. सॉक्रेटिसचा दुसरा आक्षेप त्याहून पुष्कळ सबळ आहे: कविता साधली म्हणून इतर सर्व विषयांतही आपणच शहाणे, असा समज कवी करून घेतात. हा आक्षेप अजूनही जुना झालेला नाही.

कवींशी असलेले हे नाते खटल्याच्या बाहेरचे नाही. मेलिटस कवींच्या वतीने रागावला आहे, असे सॉक्रेटिस स्वतःच सांगतो. त्याच्याविषयीची जुनी निंदा पसरवणाऱ्यांपैकी ज्या एकाची ओळख त्याला देता येते, तो विनोदी नाटककार अ‍ॅरिस्टोफेनिस. त्याच्या ‘क्लाउड्स’ या इ. स. पू. ४२३ मधील नाटकात सॉक्रेटिस टोपलीत बसून अधांतरी लोंबकळत ग्रहगोलांचा विचार करतो. चोवीस वर्षांपूर्वीचे ते हसू न्यायालयात पुरावा होऊन बसले होते. आणि ‘फीडो’वर विश्वास ठेवला, तर हाच कवितेचा परीक्षक तुरुंगातील शेवटच्या दिवसांत इसापाच्या गोष्टी पद्यात बांधत बसला होता.

मेलिटसच्या उलटतपासणीचा भाग मात्र फसलेला आहे. संपूर्ण ‘अपॉलॉजी’त खरा संवाद असा एवढाच, एरवी सॉक्रेटिस एकटाच बोलतो. तरुणांना सुधारते कोण, या प्रश्नावर मेलिटस एकामागून एक सगळ्या अथेन्सवासीयांची नावे घेतो आणि बिघडवणारा एकटा सॉक्रेटिस उरतो. घोड्यांना सर्वजण सुधारतात आणि एकटाच बिघडवतो असे असते काय, हा प्रतिप्रश्न मार्मिक आहे. पुढे मात्र सॉक्रेटिस मेलिटसकडून तो देवांना मुळीच मानत नाही, असे वदवून घेतो आणि दैवी गोष्टी मानणारा देव मानीत नाही हे कसे, असे विचारून त्याला विसंगतीत पकडतो. मेलिटस हरतो. पण आरोप नास्तिकतेचा नव्हता. नगराच्या देवांना न मानण्याचा होता, आणि त्या देवांविषयी सॉक्रेटिसने सरळ उत्तर दिलेले नाही. बोलणाराने खरे बोलावे आणि न्याय देणाराने तेवढेच पाहावे, असे ज्याने आरंभीच बजावले होते, त्याच्याकडून येथे प्रतिपक्षाच्या गोंधळाचा फायदा घेतला गेला आहे. त्याचे भक्त या ठिकाणी घाईने पुढे सरकतात. तसे करू नये.

या उणिवेचे कारण केवळ वादपटुत्वात शोधता येत नाही. सॉक्रेटिसची पद्धत एका वेळी एका माणसाशी बोलण्याची. न्यायालयात शेकडो साक्षी पुरे पडत नाहीत. समोरचा एक माणूस आपणहून कबूल करतो, तोच आपला साक्षी, असे तो ‘गॉर्जियास’मध्ये म्हणतो. अथेन्सच्या न्यायालयात मात्र पाचशेच्या आसपास नागरिक बसत. पाण्याच्या घड्याळावर मोजलेली भाषणे ऐकत, मधूनमधून आरडाओरडा करीत आणि आपापसांत चर्चा न करता मत टाकून मोकळे होत. प्रकरण एका दिवसात संपलेच पाहिजे. इतरत्र असतो तसा देहदंडाचा खटला अनेक दिवस चालवण्याचा कायदा येथे असता, तर तुमची खात्री पटवता आली असती, असे तो दोषी ठरल्यानंतर सांगतो. हे वाक्य सहसा उद्धृत होत नाही. वास्तविक ते फार मोलाचे आहे. लोकांवर त्याने मूर्खपणाचा ठपका ठेवलेला नाही. वेळ अपुरा होता, एवढेच तो म्हणतो. तीस मते फिरली असती, तर सुटका झाली असती. म्हणजे वेळ आणखी थोडा मिळता, तरी चित्र पालटण्याचा संभव होता.

अर्थात न्यायालयाच्या मनात बरेच काही न बोललेलेही होते. इ. स. पू. ४०४ मधील तीस जुलमी शासकांची राजवट अजून ताजी होती. त्यांचा म्होरक्या क्रिटियस आणि देशाला दगा देणारा अल्सिबायडीझ हे दोघेही सॉक्रेटिसच्या भोवती वावरलेले. लोकशाही परत आल्यावर जाहीर झालेल्या माफीमुळे ही नावे आरोपपत्रात येऊ शकत नव्हती. पन्नासाहून अधिक वर्षांनी एस्किनीज हा वक्ता अथेन्सच्या न्यायालयात उघडपणे बोलून गेला, की क्रिटियसला शिकवले म्हणून तुम्ही सॉक्रेटिसला मारले. सॉक्रेटिस आपल्या बचावात दोन प्रसंग सांगतो. आर्गिन्युसीच्या लढाईनंतर, इ. स. पू. ४०६ मध्ये, सेनापतींवर एकत्रित आणि बेकायदा खटला चालवण्यास त्याने लोकसभेत विरोध केला. आणि तीस शासकांनी सॅलमिसच्या लिऑनला पकडून आणण्याचा हुकूम दिला, तेव्हा तो सरळ घरी निघून गेला. एक प्रसंग लोकशाहीतला, दुसरा जुलमी राजवटीतला. दोन्हींत त्याने केले ते इतकेच, की अन्यायात भाग घेतला नाही. पण लिऑन वाचला नाही. घरी निघून जाणे पुरेसे होते काय, हा प्रश्न श्रोत्यांपैकी कोणाच्या तरी मनात आला असणार. त्याला आवरणारा तो आतला दैवी संकेतही नेहमी ‘नको’ म्हणत असे. ‘हे कर’ असे कधी सांगत नसे.

भारतीय वाचकांनी या संहितेतून घेतले ते मुख्यतः ‘सत्य’. गांधीजींनी १९०८ मध्ये, सत्याग्रह हा शब्द नुकताच घडत असताना, ‘इंडियन ओपिनियन’मध्ये ‘अपॉलॉजी’चा गुजराती सारांश क्रमशः दिला. त्याचे नाव ‘एक सत्यवीरनी कथा’. १९१० मध्ये ‘हिंद स्वराज्य’सोबत मुंबई सरकारने त्याच्या पुस्तिकेवरही बंदी घातली, तेविसशे वर्षांनंतर तेच भाषण दुसऱ्यांदा दोषी ठरले. मराठीत मकरंद साठे यांच्या ‘सूर्य पाहिलेला माणूस’ या १९९९ च्या नाटकात डॉ. श्रीराम लागूंनी सॉक्रेटिस उभा केला. ही शीर्षके पाहण्यासारखी आहेत. सत्यवीर हा सत्य हाती असलेला माणूस. आणि सूर्य पाहिलेला माणूस हा ‘रिपब्लिक’मधील गुहेच्या रूपकातून आलेला. ‘अपॉलॉजी’तील सॉक्रेटिसने सूर्य पाहिलेला नाही. तो नगराच्या सुस्त घोड्याला डसणारी गोमाशी म्हणवून घेतो, आणि गोमाशीला घोड्याने कोठे जावे हे ठाऊक असण्याची गरज नसते. गांधीजींच्या गरजेपुरता सत्यवीर खरा होता. चळवळीला निर्भयता हवी होती आणि ती या भाषणात भरपूर आहे. परंतु निर्भयतेसोबत आलेले अज्ञान त्या नावात मावत नाही.

शिक्षेचा प्रस्ताव मांडताना सॉक्रेटिस प्रथम सार्वजनिक भोजनाचा मान मागतो, नंतर एक मीना आणि अखेर प्लेटोप्रभृती मित्रांच्या जामिनावर तीस मीना दंड देऊ करतो. मृत्युदंड ठरतो. त्यानंतरच्या भाषणात एक बारीकसा फरक आहे. तोपर्यंत तो श्रोत्यांना ‘अथेन्सवासीयांनो’ असे संबोधत आलेला असतो. आता ज्यांनी त्याला सोडण्याच्या बाजूने मत दिले, त्यांना प्रथमच तो स्वतःहून ‘न्यायाधीश’ म्हणतो. मृत्यू ही एक तर स्वप्नहीन झोप असेल किंवा दुसऱ्या ठिकाणी केलेला प्रवास असेल, असे तो त्यांना सांगतो. प्रवास असेल, तर तेथे होमर भेटेल, हेसिअड भेटेल. त्या भेटीसाठी माणूस काय देणार नाही, असे ज्या कवींना त्याने निरुत्तर केले त्यांच्याच पूर्वजांविषयी तो म्हणतो. तेथेही त्याला तपासणीच करावयाची आहे, आणि तेथे त्यासाठी कोणी ठार मारणार नाही, अशी कोपरखळी तो मारतो. मग निघण्याची वेळ झाल्याचे सांगून तो थांबतो: आपण मरणाकडे, ते जगण्याकडे, यांतले बरे कोणते, हे देवावाचून कोणालाच ठाऊक नाही.