बोर्डिंगातले रहस्य

‘फार मस्ती केलीस तर बोर्डिंगात नेऊन टाकीन’ ही धमकी लहानपणी ऐकली नाही असा मराठी मध्यमवर्गीय मुलगा विरळाच. नाहूरला आमच्या शेजारच्या घरात ती परवा पुन्हा माझ्या कानी आली. गंमत अशी की, जिला ती दिली गेली त्या अकरावीतल्या मुलीचे डोळे भीतीऐवजी आनंदाने चमकले! तिच्या उशाशी इंग्रजी कादंबऱ्यांचा ढीग असतो, आणि त्यांतल्या निम्म्या तरी कुठल्यातरी निवासी शाळेत घडतात. दगडी इमारती, जुने ग्रंथालय, लोकरी कोट, मध्यरात्रीची कुजबूज आणि पहाटे सापडणारे एक प्रेत. या सगळ्या सरंजामाला आजचे तरुण वाचक ‘डार्क अकॅडेमिया’ म्हणतात. मी तिला म्हटले, असले प्रेत शोधायला इंग्लंडला कशाला जातेस? ते आपल्या पाचगणीतही सापडते.

माझ्या मनात होती नयना करीमभॉय यांची ‘मिस टिमिन्स स्कूल फॉर गर्ल्स’ ही 2011 साली प्रसिद्ध झालेली इंग्रजी कादंबरी. काळ 1974 चा. एकविसावे वर्षही पुरे न झालेली चारुलता आपटे घराण्यावर आलेल्या बदनामीपासून दूर पळत पाचगणीच्या या शाळेत येते आणि श्रीमंतांच्या मुलींना शेक्सपिअर शिकवू लागते. इंग्रज जाऊन सत्तावीस वर्षे लोटली आहेत, पण ही बातमी शाळेच्या फाटकापाशीच अडली असावी असा तिथला कारभार आहे. मोइरा प्रिन्स ही बंडखोर शिक्षिका तिला भेटते, तिच्या मागोमाग हिप्पी, गांजा, विलायती संगीत आणि प्रेमही येते. मग एका पावसाळी रात्री कड्याच्या तळाशी एक देह सापडतो. संशयाची सुई चारूकडेही वळते आणि शाळेतल्या तीन मुली तपास आपल्या हाती घेतात. खुनी कोण ते मी सांगणार नाही. रहस्यकथेच्या परीक्षकाने एवढी सभ्यता तरी पाळावी.

लेखिकेची खरी पुंजी म्हणजे तिने निवडलेली जागा. पाचगणीचे टेबललँड ज्याने पावसाळ्यात पाहिले आहे त्याला हे वेगळे सांगायला नको. जांभ्या खडकाचे ते अफाट सपाट पठार पायाखाली कसे निर्धास्त वाटते, आणि एकाएकी संपते. धुके उतरले की कडा आणि वाट यांतला भेद नाहीसा होतो. तिथे पाय घसरणे आणि कुणी ढकलणे यांत पाहणाऱ्याला फरक करता येत नाही, आणि जो काही पुरावा मागे राहील तो पाऊस सकाळपर्यंत धुऊन नेतो. म्हणजे इथले वातावरण शोभेचे नाही, ते कथानकाचे काम करते. या जातीच्या पुष्कळ कादंबऱ्यांत धुके नुसते पांघरलेले असते. काढून ठेवले तरी खुनाचे काही अडत नाही.

दोष सांगायचा तर असा. या प्रकारच्या लेखनाची गंगोत्री मानली जाणारी डॉना टार्ट यांची ‘द सीक्रेट हिस्टरी’ (1992) खून आरंभीच सांगून मोकळी होते आणि पुढे केवळ ‘का?’ या एकाच प्रश्नावर वाचकाला धरून ठेवते. करीमभॉयबाईंना ‘कोण?’ही हवे आहे, ‘का?’ही हवे आहे, आणि वर एका मुलीच्या वयात येण्याची कहाणीही हवी आहे. चारू स्वतःचा शोध घेत असते तेव्हा खुनाचा तपास साहेबाच्या दाराबाहेर शिपाई बसावा तसा बसून राहतो. कथनाची सूत्रे नंदिता या विद्यार्थिनीकडे जातात तेव्हा मात्र पुस्तक एकदम चपळ होते. शाळेतले खरे हेर म्हणजे मुली. कुठल्या बाई किती वाजता कुठल्या दाराने बाहेर पडल्या हे पोलिसांना चौकशीने कळते, मुलींना ते आधीपासूनच पाठ असते. प्रौढांसाठी लिहिलेल्या या कादंबरीच्या पोटात एक चांगली किशोर कादंबरी दडलेली आहे, आणि मला तीच अधिक आवडली.

पण माझे मन अडकले ते चारूच्या आडनावापाशी. ही आपट्यांची मुलगी सह्याद्रीच्या माथ्यावर परकी असते. ज्या पाचगणीत ती गोंधळते, तिच्या पसरणी घाटाच्या पायथ्याशी वाई आहे. तिथल्या प्राज्ञपाठशाळेत खानदेशातल्या पिंपळनेरहून लक्ष्मणशास्त्री जोशी लहान वयात शिकायला आले, आणि पुढे त्याच वाईत त्यांच्या देखरेखीखाली मराठी विश्वकोश आकाराला आला. घर सोडून विद्येसाठी राहण्याच्या दोन तऱ्हा, मध्ये एक घाट, आणि तरीही एकीला दुसरीचा पत्ता नाही. खुनापेक्षा हे मोठे रहस्य आहे. ते उलगडणारी कादंबरी माझ्या वाचनात आलेली नाही, मराठीतही नाही.

मराठीत ती का नसावी? बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, तेव्हा रहस्याचे आपल्याला वावडे होते असे नाही. मला वाटते, आडवा आला तो ‘बोर्डिंग’ या शब्दाचा आपल्याकडचा अर्थ. शाहू महाराजांनी 1901 साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले. भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका छपराखाली आणले, आणि त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. इंग्रजी कादंबरीतले मूल श्रीमंतीने कोंडलेले असते, आपले मूल भुकेतून आत घेतलेले असते. ज्या हाताने भाकरी वाढली त्या हातावर संशय कसा घ्यायचा? कृतज्ञ माणूस रहस्यकथा लिहीत नाही, तो आठवणी लिहितो. आपल्याकडे वसतिगृहाच्या आठवणींना तोटा नाही, आणि त्यांत गृहपती बहुधा देवमाणूसच असतो. अमळनेरच्या छात्रालयातल्या साने गुरुजींनी हा साचा इतका उजळ करून ठेवला की त्यावर सावली पाडायला कुणाचा हात धजला नाही.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे या प्रांताच्या सर्वांत जवळ येतो. फुरसुंगीचा बनेश पुण्याच्या विद्याभवनात शिकतो आणि रहस्यांवर तुटून पडतो. पण शाळेची भिंत त्याला कधी अडवीत नाही. सायकलीवर टांग मारली की तो उन्हात, आणि थेट गुलमर्गपर्यंत! भागवतांच्या जगात गुन्हेगार बाहेरचा असतो, शाळा निष्पाप राहते. ‘कोसला’त (1963) पुण्याचे होस्टेल खरोखर काळवंडलेले आहे आणि मृत्यूही आहे, पण तो दूर, घरी घडतो.

2017 साली फास्टर फेणे पडद्यावर मोठा होऊन आला तेव्हा त्याच्यापुढे गुन्हा ठेवला गेला तो वैद्यकीय प्रवेशपरीक्षेतला. चित्रपट म्हणून तो कसा होता हा वाद वेगळा; पण त्याने बोट अचूक ठेवले होते. आपले धुके पाचगणीत नाही, ते परीक्षेत आहे. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत रात्री दोन वाजता दिवे जळत असतात. कॉट बेसिसवर राहणारी, गावाकडून शेताच्या पैशावर आलेली, तिशीला टेकलेली मुले आपापल्या खुर्चीवर नाव चिकटवून बसलेली असतात. एखाद्या सकाळी त्यांतली एक खुर्ची रिकामी असते, आणि चौथ्या दिवशी तिच्यावर दुसरे नाव लागते. पहिला कुठे गेला, हे शेजारच्या खुर्चीवरचा विचारीत नाही. त्याची पूर्वपरीक्षा जवळ आलेली असते.

शेजारच्या मुलीने चार दिवसांत पुस्तक परत आणून दिले. खुनी तिने निम्म्यातच ओळखला होता म्हणे. मग म्हणाली, ‘काका, हे मराठीत असतं तर आईलाही वाचायला दिलं असतं.’