आभाळाला पडलेलं भोक

मागच्या हिवाळ्यात गडचिरोली जिल्ह्यातल्या एका निवासी शाळेत आम्ही आकाशदर्शनाचा कार्यक्रम घेतला. दुर्बीण लावून झाली, मुलं रांगेत उभी राहिली. आठवीतल्या एका मुलानं विचारलं, "सर, सूर्य म्हणजे आभाळाले पडलेलं भोक आहे का जी?" बाकीची मुलं हसली. गुरुजींनी डोळे वटारले. आम्हीही घाईघाईनं 'छे, सूर्य म्हणजे तापलेल्या वायूंचा प्रचंड गोळा' असं सांगून मोकळे झालो. मुलगा गप्प बसला, आणि त्या रात्री पुन्हा काही बोलला नाही.

जेवताना चौकशी केली तेव्हा कळलं, की ही कल्पना त्याची नव्हती आणि त्याच्या आजीचीही नव्हती. ती एका संगणकीय खेळातली होती. खेळ त्यानं स्वतः खेळलेलाही नव्हता. दुसऱ्या कुणी खेळलेला, मोठ्या भावाच्या मोबाईलवर नुसता पाहिला होता.

मग आम्ही भाच्याला हाताशी धरून असे दोन-तीन खेळ पाहिले, थोडे खेळलोही. यांना 'खुल्या जगाचे' खेळ म्हणतात. यात ठरलेल्या वाटेनंच जायला हवं असं नसतं. डोंगर, जंगलं, नद्या, गावं असलेला मोठा मुलूख असतो आणि खेळणारा त्यात हवा तिकडे भटकतो. या मुलखाला स्वतःचे देव असतात, उत्पत्तिकथा असते आणि आकाशही असतं. पुस्तकाचं परीक्षण करतो तसंच या जगांचंही करायला हवं, कारण आपली मुलं तिथे जाऊन येतात. आमचा प्रश्न एवढाच आहे : या जगांतलं आकाश काही काम करतं, की ते नुसतं छताला चिकटवलेलं चित्र आहे?

भोकांचं आकाश

त्या मुलानं पाहिलेला खेळ म्हणजे 2011 साली आलेला, बेथेस्डा या अमेरिकन कंपनीचा 'स्कायरिम'. 'एल्डर स्क्रोल्स' या जुन्या मालिकेतला हा पाचवा खेळ. यातल्या पुराणकथेनुसार जग घडवताना मॅग्नस नावाचा देव मध्येच काम टाकून पळाला आणि जाताना आकाश फाडून गेला. ते भगदाड म्हणजे सूर्य. त्याच्या मागोमाग पळालेल्यांनी पाडलेली लहान भोकं म्हणजे तारे. त्यांतून पलीकडच्या लोकाचा प्रकाश आत येतो. या जगाला चंद्र दोन, आणि एका कथेनुसार ते मेलेल्या एका देवाच्या देहाचे तुकडे आहेत.

कल्पना सुंदर आहे, यात वाद नाही. रात्री बर्फाळ डोंगरावर उभं राहून वर पाहिलं तर आम्हीही क्षणभर हरखून गेलो. पण थोडा वेळ पाहत राहिलं की प्रश्न पडू लागतात. सूर्य हे भोक असेल तर ते रोज उगवतं आणि मावळतं कसं? चंद्रांच्या कला बदलतात त्या कशामुळे? आपल्या चंद्राच्या कला सूर्य, पृथ्वी आणि चंद्र यांच्या जागांवरून ठरतात. खेळात दिवस मोजून चंद्राचं चित्र बदललं जातं, एवढंच. तारकासमूह तर कौशल्यांचा तक्ता होऊन बसले आहेत. तलवारबाजी वाढवायची असेल तर वर पाहायचं आणि तारा निवडायचा. आकाशाचा असा उपयोग म्हणजे दुकानाची पाटी.

'अहो, ही कल्पित कथा आहे, तिला विज्ञानाची पट्टी कशाला?' असं कुणी म्हणेल. आमची पट्टी विज्ञानाच्या निष्कर्षांची नाही. सूर्य खुशाल भोक असू दे, पण मग त्या भोकातून काहीतरी निष्पन्न व्हायला हवं. गंमत अशी, की सूर्याला भोक म्हणणारा आपला मुलगा पहिला नव्हे. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात ग्रीक विचारवंत अनॅक्झिमँडर हेच म्हणत होता. त्याच्या मते पृथ्वीभोवती आगीनं भरलेली चाकं फिरतात, आणि त्यांच्या कवचाला असलेल्या भोकांतून दिसणारी आग म्हणजे सूर्य आणि चंद्र. चाक फिरतं, म्हणून सूर्य उगवतो आणि मावळतो. भोक बुजलं की ग्रहण लागतं. चंद्राच्या कलाही त्यानं अशाच समजावल्या. तो चुकला, पण त्याच्या भोकाला काम होतं. त्याला पुढचे प्रश्न विचारता येत होते, म्हणून तो चुकलाय हेही पुढे कळू शकलं.

थांबलेले तारे, लाल चंद्र

दुसरा खेळ जपानी आहे. फ्रॉमसॉफ्टवेअर या कंपनीचा 'एल्डन रिंग' (2022). त्याची मूळ पुराणकथा जॉर्ज आर. आर. मार्टिन या कादंबरीकारानं रचली. यात राडान नावाच्या सेनापतीनं गुरुत्वाच्या विद्येनं ताऱ्यांची गती रोखून धरलेली आहे. तारे थांबले म्हणून काही माणसांचं प्राक्तनही थांबलं आहे. खेळणाऱ्यानं त्याला हरवलं की तारे चालू लागतात, एक तारा कोसळतो आणि जमिनीला मोठा खड्डा पडतो. त्या खड्ड्यातून एका भूमिगत नगरीची वाट उघडते. इथे आकाशात घडलं ते जमिनीवर उमटतं, आणि कथा लक्ष देऊन ऐकणाऱ्याला पुढे काहीतरी होणार याचा अंदाज येतो. आमच्या मते हे 'स्कायरिम'पेक्षा वरच्या दर्जाचं काम आहे. उणीव अशी, की हे एकदाच घडतं आणि तलवारीनं घडतं. रोज रात्री नोंदी ठेवून तिथे काहीच कळणार नाही.

निन्टेंडोच्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' (2017) या खेळात नियम आहेत, पण ते जमिनीवरचे. पाऊस आला की कडा चढताना पाय घसरतो. विजांच्या वादळात अंगावर धातू असेल तर वीज पडते. गवत पेटलं की गरम हवा वर जाते आणि तिच्यावर तरंगता येतं. हे कुणी न सांगता, पाहून आणि करून कळतं. शिक्षकांनी कौतुक करावं असाच हा भाग आहे. पण याच खेळात अधूनमधून मध्यरात्री लाल चंद्र येतो आणि मारलेले शत्रू पुन्हा जिवंत होतात. कथेत ती दुष्टशक्तीची करणी. प्रत्यक्षात ओस पडलेलं जग पुन्हा भरण्याची सोय. जमिनीला निसर्गनियम लावणाऱ्या रचनाकारांनी चंद्राला मात्र केरसुणी धरायला लावली.

खाट, चोर आणि नांगर

आता ज्या मुलखात हा प्रश्न विचारला गेला तिथे येऊ. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले मयंक वाहिया आणि त्यांचे सहकारी गणेश हलकारे यांनी गोंड वस्त्यांमध्ये फिरून, मुलाखती घेऊन गोंडांच्या आकाशज्ञानाचा अभ्यास केला. तो 2013 साली प्रसिद्ध झाला. सप्तर्षींच्या चौकोनाला गोंड खाट म्हणतात, आणि मागचे तीन तारे म्हणजे तिच्या मागावर असलेले चोर. मृग नक्षत्रात त्यांना नांगर दिसतो. आकाशगंगा म्हणजे गुरांची वाट. खाटेची आणि चोरांची गोष्ट महाराष्ट्रातल्या इतर खेड्यांतही सांगतात.

यातला नांगर पाहा. वैशाखाच्या सुमारास तो संध्याकाळी पश्चिमेला खाली खाली जातो आणि दिसेनासा होतो. जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस सूर्य मृगात येतो, आणि खाली शेतकऱ्याचा नांगर बाहेर निघालेला असतो. आषाढात ढगांनी सवड दिली तर वरचा नांगर पहाटे पूर्वेला पुन्हा दिसतो. ताऱ्यांमुळे पाऊस पडत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. पण दोन्ही गोष्टी सूर्याच्या वार्षिक मार्गाशी बांधलेल्या आहेत, म्हणून एकीवरून दुसरीचा अदमास घेता येतो. हे आकाश सजावटीचं नाही, कामाचं आहे.

कथांचंही तसंच. चार, पाच, सहा आणि सात देवांना मानणारे गोंडांचे गट आहेत, आणि ज्यांच्या देवांची संख्या एक त्यांच्यात सोयरीक होत नाही. देवांची कथा इथे माणसाच्या वागण्याला नियम घालते. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात कचारगडच्या गुहेजवळ माघ पौर्णिमेला यात्रा भरते. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि रात्रभर उजेड देतो. तिथला चंद्र रचनाकाराच्या सोयीनं येत नाही. माणसंच त्याच्या वेळेला जातात.

याचा अर्थ जुनं ते सगळं खरं, असा नव्हे. खाट आणि चोर यांवरून काहीच भाकीत करता येत नाही. ती सात तारे लक्षात ठेवण्याची उत्तम युक्ती आहे, इतकंच. चंद्राभोवतीचं खळं लहान असेल तर पाऊस लांब, मोठं असेल तर जवळ, अशी समजूत खेड्यांत आहे. मोठं खळं उंचावरच्या ढगांतल्या बर्फाच्या स्फटिकांमुळे पडतं, तेव्हा तिच्यात तथ्य असू शकेल. पण आम्ही निकाल देत नाही. एक वही घाला, तारीख, खळं आणि पुढच्या तीन दिवसांतला पाऊस लिहा, दोन वर्षांनी मुलंच काय ते सांगतील.

गोळा की भोक?

आमच्या हातून चूक झाली ती इथे. मुलगा एका कल्पित जगातून एक कल्पना घेऊन आला होता आणि ती खऱ्या आकाशावर तपासून पाहायला तयार होता. विज्ञानाचा तास याहून चांगला सुरू होऊ शकत नाही. आम्ही उत्तर देऊन तो संपवला.

फेब्रुवारीत त्या शाळेत पुन्हा गेलो तेव्हा त्याला शोधून काढलं आणि विचारलं, "सूर्य भोक असतं तर काय झालं असतं?" त्यानं बराच विचार केला. मग म्हणाला, "भोक एकाच जागी राहिलं असतं जी. नाही तं आख्खं आभाळच फिरत असंल." अनॅक्झिमँडरच्या चाकापाशी तो स्वतःच्या पायांनी पोचला होता.

तिथून पुढचा रस्ता आम्ही दोघांनी मिळून काढला. लहान दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडायची. दुर्बिणीला डोळा अजिबात लावायचा नाही, आणि शिक्षकानं जागचं हलायचं नाही. सूर्यावरचे डाग कागदावर पेन्सिलीनं टिपायचे आणि रोज त्याच वेळी हेच करायचं. डाग दिवसागणिक सरकतात, आणि कडेला जाताना चपटे, अरुंद होतात. सपाट भोकासमोरून काही सरकत असतं तर ते असं अरुंद झालं नसतं. फुगवलेल्या फुग्यावर शाईचा ठिपका काढून फुगा फिरवला की मुलांना कारण दिसतं. सतराव्या शतकात गॅलिलिओनं डाग सूर्याच्या पृष्ठभागावरच आहेत हे अशाच युक्तिवादानं दाखवलं होतं.

डाग एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला साधारण 13 दिवस लागतात. त्या मुलानं नऊ दिवसांच्या आकृत्या काढल्या आहेत. मधले दोन दिवस ढग होते. तिथे त्यानं रिकामं वर्तुळ काढून खाली 'दिसला नाही' असं लिहिलंय.