हॉर्निमन सर्कल : एका चौकाचें परीक्षण

एखादी इमारत चांगली कीं वाईट याविषयीं आपण चटकन मत देतों. परंतु इमारतींच्या मधल्या मोकळ्या जागेचें परीक्षण करण्याची आपणांस संवय नाहीं. ग्रंथाची योग्यता जशी त्याच्या सुट्या प्रकरणांवरून नव्हे तर त्यांच्या परस्परसंबंधावरून ठरते, तशीच चौकाचीही ठरते. मुंबईच्या कोटांतील हॉर्निमन सर्कलकडे या दृष्टीनें पाहिल्यास त्याचे गुण व दोष दोन्ही ध्यानांत येतील.

मूळ येथें उघडें मैदान होतें. त्याला 'बॉम्बे ग्रीन' म्हणत. पश्चिमेस सेंट टॉमसचें देवालय. त्याचा आरंभ सतराव्या शतकांत जेराल्ड ऑंजियर यानें केला व तें 1718 मध्यें उघडलें. कोटाच्या ज्या दरवाजानें या देवालयाकडे येत, त्याचें 'चर्चगेट' हें नांव आजही आगगाडीचे प्रवासी रोज घेतात. मैदानांत कापसाचे गठ्ठे पडत. 1844 मध्यें हा व्यापार कुलाब्यास नेण्यांत आला. पूर्वेस टाउन हॉल 1833 मध्यें पुरा झाला. त्याच्या समोरच्या वडाखालीं जमणाऱ्या दलालांतूनच पुढें मुंबईचा शेअरबाजार निघाला. तात्पर्य, चौक आंखण्यापूर्वींच येथें चौकांतला व्यवहार चालू होता.

या अव्यवस्थित जागेस वर्तुळाचें रूप देण्याची कल्पना पोलीसप्रमुख चार्ल्स फोर्जेट याची. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन व त्याच्या मागून सर बार्टल फ्रिअर यांनीं ती उचलून धरली. हा एल्फिन्स्टन म्हणजे पेशवाईच्या अखेरीचा आपल्या परिचयाचा माउंटस्टुअर्ट नव्हे, तर त्याचा पुतण्या. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें (1861 ते 1865) कापसाचा पैसा मुंबईंत लोटत होता. त्या भरांत जागेचे तुकडे विकले गेले. मात्र दर्शनी भाग सर्वांनीं एकाच नमुन्याचा ठेवावयाचा होता. तो नमुना जेम्स स्कॉट याचा. मधली बाग 1872 मध्यें पुरी झाली.

येथें पहिला गुण दिसतो, तो संयमाचा. मालक निरनिराळे, भिंतीमागील व्यवहार निरनिराळे. पण रस्त्याकडे पाहणारा चेहरा एक. एरवीं आलेला पैसा प्रत्येकास आपलें घर शेजाऱ्याहून उंच करण्यास शिकवतो. येथें त्याच पैशाला रांगेंत उभें राहावें लागलें. दुसरा गुण तळमजल्याच्या कमानदार पडवीचा. नमुना इटालियन वळणाचा खरा. पण उन्हांत व आषाढाच्या पावसांत या पडवीखालून चालणाऱ्यास ती परकी वाटत नाहीं. तिसरा गुण प्रमाणाचा. टाउन हॉलचे ग्रीक धर्तीचे धिप्पाड स्तंभ जवळून पाहणाऱ्यास दडपून टाकतात. त्यांना समोर अंतर हवें होतें. वर्तुळानें तें दिलें, आणि स्वतः एकाच कमानीची पुनरुक्ति करून मुख्य पात्राला रंगभूमि मोकळी ठेवली.

दोष मात्र मध्यभागीं आहे. आपल्या वाड्यांतला चौक हा माणसें एकत्र येण्यासाठीं असतो. येथें मधोमध कठडा घालून बाग केली, आणि लोकांना तिच्याभोंवतीं फिरावयास लावलें. झाडांची सावली सुखद आहे, हें कबूल. पण मैदानांत जी गर्दी मिसळत होती, ती परिघावर पांगली. शिस्त लावणाऱ्याला हें सोयीचें होतें. चौकाच्या दृष्टीनें ही हानि होय.

यावर कोणी म्हणेल, परक्यांनीं परक्यांसाठीं बांधलेल्या जागेची एवढी चिकित्सा कशाला? आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. टाउन हॉलांत जिचें ठाणें आहे ती एशियाटिक सोसायटी 1804 मध्यें निघाली. पहिला हिंदी सभासद, मानकजी कर्सेटजी, तिनें 1840 मध्यें घेतला. आणि 1892 मध्यें तिच्या अध्यक्षपदीं काशिनाथ त्र्यंबक तेलंग आले. दार उघडण्यास 36 वर्षें लागलीं, आणि उघडल्यावर विद्वत्तेनें आंतील आसनही मिळविलें. जालियनवाला बागेच्या अत्याचारावर लिहिल्याबद्दल ज्या इंग्रज संपादकाला सरकारनें 1919 मध्यें हद्दपार केलें, त्या हॉर्निमनचें नांव स्वातंत्र्यानंतर गव्हर्नरच्या नांवाच्या जागीं आलें. प्रस्तुत लेखकानें विद्यार्थिदशेंत टाउन हॉलच्या 30 पायऱ्यांवर कित्येक दुपारी घालविल्या. पुस्तक वाचणारा, डबा खाणारा, नुसता टेकलेला, असे सर्व तेथें शेजारीं असत. मध्यभागीं जो चौक हरवला, तो लोकांनीं पायऱ्यांवर पुन्हा मांडला. जागा कोणी बांधली हें इतिहास सांगतो. ती कोणाची हें वहिवाट सांगते.

म्हणूनच तिची जबाबदारीही आतां आपली. या वर्तुळाचें सौंदर्य एका इमारतींत नसून सर्वांच्या समजुतींत आहे. एकानें पडवी अडवली, दुसऱ्यानें कमानीवर पाटी चढवली, कीं ती समजूत मोडते. आणि मग उरलेल्या घरांची डागडुजी कितीही केली तरी चौक उरणार नाहीं. मूळ मालकांवर ही शिस्त विक्रीच्या अटींनीं लादली होती. ती अट नसतांही आपण ती पाळूं शकतों कीं नाहीं, हीच या चौकानें आपली मांडलेली परीक्षा आहे.